नागपूरला बदली झालीये, घरात डास फार आणि मुलगी दोन वर्षांची. कॉइल, लिक्विड की रॅकेट, काय घ्यावं?

लिक्विड घ्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. घरात लहान लेकरू असताना कॉइल लावूच नका. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण शंभरेक सिगारेटींएवढे भरतात. रॅकेटने मच्छर कमी मरतात, पण मारल्याचं समाधान मिळतं, तेही काही वाईट नाही.

आता न विचारलेलं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातली एक ओळ वाचून मला राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय, "जवळ नाला नाही, गटार बंदिस्त आहे, तरी दिवसाढवळ्या पायाला चावतात." अहो, दिवसा टेबलाखाली घोट्याला चावतो तो गटारातला नसतोच. गटारातला क्युलेक्स रात्री येतो, कानाशी भुणभुणतो, आणि आपल्या पूर्व विदर्भातला हत्तीरोग त्याच्या कृपेने. दिवसा चावणारा, पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा तो एडिस. डेंग्यूवाला. त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं आणि तो शे-दोनशे मीटरपलीकडे फारसा जात नाही. म्हणजे तो तुमच्या घरचा आहे, नाहीतर शेजाऱ्याचा. आणि नागपुरात "घरचा" म्हणजे बहुतेक वेळा कूलरचा.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. मी शाळेत विज्ञानच शिकवतो. दरवर्षी २० ऑगस्टला आठवीच्या वर्गात रोनाल्ड रॉसची गोष्ट सांगतो. १८९७ साली याच तारखेला सिकंदराबादेत त्याला अ‍ॅनोफिलीस मच्छराच्या पोटात मलेरियाचा परजीवी कसा दिसला, पुढे १९०२ चं नोबेल कसं मिळालं, वगैरे. २०१९ सालीसुद्धा सांगितली. आणि त्याच वेळी माझ्या घरी खिडकीबाहेर काय वाढत होतं ते ऐका.

आमचं घर दोन मजली. खाली आम्ही, वर ताई आणि जिजाजी. दोन्ही मजले मिळून चार लोखंडी कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की कूलरशिवाय इथे निभाव नाही, हे तुम्हाला येत्या उन्हाळ्यात कळेलच. पण मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद होतो, निघत नाही. खिडकीबाहेर स्टँडवर, वाळ्याच्या ताट्यांसकट, तसाच पुढच्या मार्चपर्यंत. टाकीचं बूच काढलं तरी तळाशी दोन बोटं पाणी राहतं, कारण बूच तळाच्या थोडं वर असतं. त्यात पावसाची भर.

जुलैत सर्वे करणाऱ्या एक ताई आल्या. हातात टॉर्च आणि वही.

"भाऊ, कूलर दाखवा."

म्हटलं, बंद आहे महिन्याभरापासून.

"बंदच दाखवा."

त्यांनी वाटीभर पाणी काढून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. अळ्याच अळ्या. वळवळत खाली जायच्या, पुन्हा श्वासाला वर यायच्या. त्यांनी वहीत नोंद केली, दारावर खडूने तारीख टाकली आणि शेजारी गेल्या. मी लगेच टाकी उलटी केली. वरच्या गॅलरीतून जिजाजी बघत होते. "काहून रे, एवढंसं पाणी फेकून काय होते? मच्छर तर नाल्यातून येऊन राह्यले." नाला आमच्यापासून अर्धा किलोमीटर.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी माझ्या सात वर्षांच्या पोराला ताप भरला. तिसऱ्या दिवशी एनएस-१, म्हणजे डेंग्यूची रक्तचाचणी, पॉझिटिव्ह. हॉस्पिटलात भरती केलं. पोळ्याच्या दिवशी ताप उतरला, म्हणून आम्ही खूश. घरून पुरणपोळीचा डबाही मागवला होता. डॉक्टर म्हणाले, आता खरं लक्ष ठेवायचं. ताप उतरतो तेव्हाच डेंग्यू घात करतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. प्लेटलेट ४२ हजारांवर आल्या. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन फिरत होती आणि आमचा बैल हॉस्पिटलात खाटेखाली, कारण तो सोबत पाहिजेच असा हट्ट. शहरात मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, निघाली होती. खालच्या रस्त्यावरून जाणारी पोरं ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आयुष्यभर गंमत म्हणून ओरडलो होतो. त्या दिवशी खिडकीत उभं राहून मनापासून म्हटलं.

पोरगा सुटला. घरी आणला त्या आठवड्यात सर्वेवाल्या ताई परत आल्या, त्याच कूलरपाशी गेल्या. पुन्हा अळ्या.

"पण मी पाणी ओतलं होतं," मी म्हटलं.

"घासलं होतं का?"

नव्हतं. एडिसची मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवते. काळ्या भुकटीसारखी दिसतात, ती दिसली तर. पाणी ओतून काही होत नाही. ती तशीच कोरडी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. मी टाकी रिकामी केली आणि पावसाने ती भरून दिली. अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला आपल्याकडच्या उकाड्यात आठवडा-दहा दिवस पुरतात. "आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा" असं भिंतीवर लिहिलेलं असतं, त्यातला आठवडा उगाच नाही. म्हणून सांगतो, ओतून थांबू नका. तारेची घासणी घ्या, साबण लावा, रेषेच्या वरपर्यंत घासा, मग उन्हात उलटी ठेवा.

पुढच्या रविवारी मी चारही कूलर घासले. वरचे दोनसुद्धा. आणि घात असा की त्याच रविवारी संध्याकाळी जिजाजींनी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन एक धुरवाला बोलावला. घरभर धूर, सगळे खोकून बेजार. त्यानंतर आमच्या घरात डेंग्यू झाला नाही. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, जेवणाच्या पंगतीत जिजाजी सांगतात, "मी धूर मारला म्हणून पोट्टे वाचले." मी म्हणतो, घासणी.

मी नुसतं म्हणून थांबलो नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा धुरवाला आणला, तेव्हा शेजारच्या टायरमधल्या अळ्या एका बरणीत घेतल्या, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि कुंपणाच्या भिंतीवर भर धुरात ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या मजेत वळवळत होत्या. चार दिवसांनी आत मच्छर उडत होते. बरणी जिजाजींसमोर नेऊन ठेवली. म्हणाले, "बरणीत धूर शिरलाच नसंल." त्याच्या पुढच्या वेळी उघडी परात ठेवली. त्यातल्याही जगल्या. म्हणाले, "तुझ्या अळ्या मास्तराच्या घरच्या, शिकलेल्या." यावर माणूस काय बोलणार? (दोन्ही वेळा नंतर उकळतं पाणी ओतलं, काळजी नसावी.)

धूर उडत्या मच्छराला लागतो. घरात पलंगाखाली, पडद्यामागे बसलेला मच्छर बहुधा वाचतो, कारण धुराची गाडी आली की आपणच खिडक्या लावून घेतो. पाण्यातल्या अळीला त्याचं काही नाही. हां, साथ जोरात असेल तर रोग घेऊन उडणाऱ्या माद्या दोन-चार दिवस तरी कमी होतात, तेव्हा धुराचा उपयोग आहे, हे मान्य करावं लागेल. त्या रविवारी तसं काही झालं नसेलच असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण घासणीला वीस रुपये लागतात आणि खोकला येत नाही.

मी डॉक्टर नाही. पोरीला ताप आलाच तर पॅरासिटामॉलखेरीज घरात पडलेली दुसरी कुठली गोळी देऊ नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन तर नाहीच, त्याने रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांचा रस कोणी ना कोणी घेऊन येईलच. आमच्याकडेही आला होता, कोणी आणला असेल ते ओळखा. पोराने तो खाटेवरच ओकून टाकला. आणि मुलगी दुपारी झोपते तेव्हा मच्छरदाणी लावा. लोक रात्रीच लावतात, एडिस मात्र दिवसाचा.

कूलरशिवाय फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकणही बघा. तुमचं घर भाड्याचं आहे, म्हणजे बाल्कनीत आधीच्या भाडेकरूचा एखादा कूलर पडून असण्याची शक्यता फार. घरमालक म्हणेल, बंद आहे तो. तरी उघडून बघा.