कादंबरी अडली, आता आराखडा करू का?

प्रश्न: आराखडा न करता कादंबरी लिहायला घेतली. 60 पानांवर अडले आहे. आता सगळी प्रकरणं आखू का?

उत्तर: सगळी नकोत. अशा वेळी बहुधा पात्रं भेटतात, बोलतात, पण कुणाला काही हवंच नसतं. लिहिलेल्या प्रत्येक प्रसंगासाठी एका कार्डावर दोनच ओळी लिहा: कुणाला काय हवं होतं आणि शेवटी काय बदललं. दुसरी ओळ कोरी राहिली, तर तो प्रसंग काढा किंवा शेजारच्या प्रसंगात मिसळा. मग पुढचे फक्त 3 प्रसंग आखा. ‘बहीण घर विकायला नकार देते’ एवढं पुरे. नकार कोणत्या शब्दांत येतो, ते लिहिताना सापडू द्या. रहस्यकथा असेल, तर मात्र गुन्हेगार आधी ठरवाच. नाहीतर सगळे धागेदोरे मागे जाऊन पेरावे लागतात.