शब्दशंका : काठाची ‘बँक’ आणि पैशांची ‘बँक’

प्रश्न : इंग्रजीत नदीच्या काठाला ‘बँक’ म्हणतात आणि पैसे ठेवण्याच्या संस्थेलाही ‘बँक’च म्हणतात. काठ पाण्याला आवरून धरतो तशी ही संस्था पैशाला आवरून धरते, म्हणून तिला हे नाव मिळाले, असे एका ठिकाणी वाचले. हे खरे आहे काय? वळताना विमान ‘बँक’ होते असेही म्हणतात, त्याचा या दोन्हींपैकी कशाशी संबंध आहे?

उत्तर : हे स्पष्टीकरण ऐकायला गोड असले तरी निराधार आहे, कारण हे दोन शब्द इंग्रजीत वेगवेगळ्या वाटांनी आणि सुमारे तीन शतकांच्या अंतराने आले.

काठाची ‘बँक’ जुनी. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेल्या लोकांच्या बोलीतून ती इंग्रजीत शिरली असावी असे कोशकार मानतात, आणि साधारण १२००च्या सुमारास ती लिखाणात दिसू लागते. तिचा मूळ अर्थ उंचवटा किंवा बांध. नदीचा काठ हा त्यातलाच एक प्रकार. त्यामुळे समुद्रातल्या उथळ वाळूच्या उंचवट्यालाही ‘बँक’ म्हणतात, दाट धुक्याच्या थरालाही म्हणतात, आणि निखारे टिकावेत म्हणून विस्तवावर राख ओढून ठेवण्यालाही हेच क्रियापद वापरतात. रस्त्याच्या किंवा रुळांच्या वळणावर बाहेरची बाजू उचलून जो उतार देतात तोही याच कुळातला, आणि वळताना एका अंगावर कलणाऱ्या विमानाने आपले क्रियापद तिथूनच घेतले आहे.

पैशांची ‘बँक’ मात्र पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटालियन ‘बांका’वरून, काहीशी फ्रेंचमार्फत, इंग्रजीत आली. ‘बांका’ म्हणजे बाक किंवा लांबट मेज. नाणी पारखून बदलून देणारे सराफ ज्या बाकावर आपला व्यवहार मांडीत, त्या बाकाचेच नाव पुढे पेढीला मिळाले. ग्रीक भाषेतही नेमके असेच घडले आहे : तिथला ‘त्रापेझा’ हा शब्द मुळात मेजाचा, आणि आजही अथेन्समध्ये बँकेच्या दारावर तोच लिहिलेला असतो.

या बाकाचा गोतावळा मोठा आहे. दिवाळखोराला ‘बँकरप्ट’ म्हणतात ते इटालियन ‘बांका रोत्ता’, म्हणजे मोडलेला बाक, यावरून. सराफाचे दिवाळे निघाले की लोक त्याचा बाक खरोखरच फोडून टाकीत, ही गोष्ट फार सांगितली जाते. मला ती शब्दावरून मागाहून रचलेली वाटते, कारण धंदा मोडला असे म्हणायला प्रत्यक्ष कुऱ्हाड चालवावी लागत नाही. मेजवानीचे ‘बँक्वेट’ हे छोट्या बाकावरून आले. आणि बाजारात बाकावर चढून भोंदू औषधे विकणारा तो ‘माउंटेबँक’. हा शब्द आता फारसा कानी पडत नाही, पण एका ओळीत अख्खे व्यक्तिचित्र उभे करणारे असे शब्द थोडेच असतात.

गंमत अशी, की इटालियन ‘बांका’ हा मूळचा लॅटिन नव्हे. तो जर्मानिक भाषांकडून उसना घेतलेला असून इंग्रजी ‘बेंच’ त्याचा सख्खा भाऊ आहे. काठाची ‘बँक’ही त्याच जर्मानिक मुळाशी जोडली जाते, मातीचा लांबट, सपाट उंचवटा आणि बसायचा बाक यांच्यात साम्य दिसणे स्वाभाविकच आहे. म्हणजे दोन्ही शब्द दूरचे चुलत भाऊ खरे, पण पाण्याला आवरण्याशी त्या नात्याचा काही संबंध नाही.

पैशांच्या ‘बँके’चा अर्थ पुढे साठ्यापर्यंत पसरला. १९३७मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी साठवलेल्या रक्ताच्या विभागाला ‘ब्लड बँक’ हे नाव दिले, ते ठेव आणि उचल यांचा हिशेब तिथेही राखायचा होता म्हणून. ‘डेटा बँक’ त्याच वळणावर बनली.

शब्दकोशात तिसरी नोंदही सापडते, ती रांगेची : जहाजातील वल्हेकऱ्यांच्या बाकाला जुन्या फ्रेंचमध्ये असलेले नाव आधी वल्ह्यांच्या रांगेला लागले आणि आता भिंतीवरच्या बटणांच्या रांगेलाही लागते.