शब्दशंका : ‘ड्युरन्स’ म्हणजे कोणती कैद?

प्रश्न : जुन्या इंग्रजी कथांच्या एका संग्रहात एक पात्र ‘ड्युरन्स व्हाइल’मध्ये पडल्याचा उल्लेख वाचला. संदर्भावरून कैदेचा अर्थ लागतो. पण हा शब्द आला कुठून, आणि आपल्या ‘दुरावा’शी त्याचे काही नाते आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण लावलेला अर्थ बरोबर आहे. ‘ड्युरन्स’ म्हणजे बंदिवास आणि ‘व्हाइल’ म्हणजे हीन, ओंगळ. ‘दुरावा’ हा मात्र संस्कृत ‘दूर’पासून आलेला शब्द आहे, या दोहोंत कानाला जाणवणारे साम्य केवळ योगायोगाचे आहे.

‘ड्युरन्स’च्या मुळाशी लॅटिन ‘दुरारे’ हे क्रियापद आहे. कठीण होणे, तग धरणे, टिकून राहणे असे त्याचे अर्थ. फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले तेव्हा ‘ड्युरन्स’चा अर्थ टिकाव किंवा कालावधी एवढाच होता, आणि ‘ड्युरेशन’, ‘ड्युरेबल’ हे रोजच्या ओळखीचे शब्द याच घराण्यातले आहेत. कैदेसाठी शब्द घडवताना भाषा सहसा भिंत, बेडी किंवा कुलूप यांच्याकडे पाहते. इथे मात्र केवळ न सरणाऱ्या काळालाच कैदेचे नाव मिळाले, आणि मला या शब्दाचे मोल त्यातच वाटते. ‘त्याने दहा वर्षे तुरुंगात काढली’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘काढली’ या क्रियापदात हीच जाणीव असते.

शेक्सपिअरच्या काळात ‘ड्युरन्स’ हे एका चिवट, टिकाऊ कापडाचेही नाव होते. ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात राजपुत्र हॅल आपला लुटारू, थट्टेखोर मित्र फॉल्स्टाफ याला विचारतो, की कातडी बंडी हा ‘ड्युरन्स’चा मोठा गोड पोशाख नव्हे काय? अशी बंडी शेरीफचे, म्हणजे कायदा राखणाऱ्या अधिकाऱ्याचे, अटक करणारे शिपाई घालत. त्यामुळे टिकाऊ वस्त्र आणि अटक असे दोन्ही अर्थ एकाच शब्दात येतात, आणि फॉल्स्टाफला धमकीही पोचते. त्याच नाटकाच्या दुसऱ्या भागात फॉल्स्टाफचा साथीदार पिस्टल ‘बेस ड्युरन्स’, म्हणजे हीन कैद, असे म्हणतो. ‘ड्युरन्स व्हाइल’ ही जोडी 18व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. विशेषण नामानंतर ठेवल्यामुळे तिला जो भारदस्त सूर येतो, त्यामुळेच पुढे ती बहुधा अतिशयोक्तीने किंवा थट्टेने वापरली जाऊ लागली.

या निमित्ताने आपल्या ‘तुरुंग’ शब्दाकडेही पाहावे. तो पोर्तुगीज ‘त्रोंकु’पासून आला. ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचे खोड. त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी खोडा, आणि त्यावरून बंदिशाळा. मलय भाषेतही हाच शब्द ‘तेरुंकू’ होऊन राहिला आहे. मराठीतही ‘खोड’ आणि ‘खोडा’ शेजारी ठेवून पाहिले, की पोर्तुगीज शब्दाचा तोच प्रवास आपल्या भाषेत दिसतो. इंग्रजी शब्द काळाकडून कैदेकडे आला, आपला लाकडाकडून.

भाषांतर करताना ‘ड्युरन्स’साठी ‘प्रदीर्घ कारावास’ लिहू नये, कारण कैदेचा अर्थ रूढ झाल्यावर त्यात मुदतीचा निर्देश उरला नाही. एका रात्रीच्या कोठडीलाही तो चालतो. गंभीर मजकुरात ‘बंदिवास’ पुरेसा आहे, आणि आपल्या कथेतला सूर थट्टेचा असेल तर ‘घोर बंदिवास’ शोभेल.