तिवरं तोडली तर डास जातील का?

प्रश्न : आम्ही नुकतेच ऐरोलीत राहायला आलो. सोसायटीच्या मागे खाडी आणि तिवरांचं रान आहे. डास फार, म्हणून ती झाडं छाटून घ्यावीत असं काही शेजारी म्हणतात. माझी मुलगी विचारते, आपण यायच्या आधी इथे काय होतं? आणि फ्लेमिंगो कधी पाहायला न्यावं तिला? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

इथे भातशेती होती. ऐरोली, दिवा, रबाळे, गोठिवली ही आगरी-कोळ्यांची जुनी गावं. खाडीच्या कडेनं मातीचे बांध घालून भरतीचं खारं पाणी अडवायचं, पावसाचं जादा पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, सोडून द्यायचं, आणि बांधामागे भात लावायचा. एका उधाणात बांध फुटला की शेत खारावलं. शेतीच्या जोडीला खाडीतली कोळंबी, चिंबोरी, निवट्या. 1970 साली नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. योग्य मोबदल्यासाठी शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. मुलीला हे जरूर सांगा. तिच्या घराखालच्या मातीचा हा इतिहास आहे.

आता डास. डेंग्यूचा डास साठलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात वाढतो : कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, झाकण नसलेल्या टाक्या. तिवरांत दिवसातून दोनदा भरती येते आणि पाणी हलतं राहतं. भराव, राडारोडा टाकून भरतीची वाट बंद केली, तर मात्र मागे डबकं साचतं आणि डासांची सोय होते. म्हणजे शेजाऱ्यांनी सुचवलेला उपाय उलटाच आहे. शिवाय तो बेकायदाही आहे. मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्येच खारफुटी, म्हणजे तिवरांसारखी खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, तोडायला मनाई केली आणि तिच्याभोवती 50 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी घातली. सोसायटीच्या बैठकीत हे ठामपणे मांडा, गप्प बसू नका.

वनस्पतिशास्त्र शिकवायचो तेव्हा मुलांना या खाडीवर आणत असे. तिवराचं पान उलटं करून जिभेला लावायला सांगायचो, खारट लागतं. मुळांनी ओढलेलं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली टोकं ही त्याची श्वास घेणारी मुळं, कारण त्या गाळात हवाच नसते. ती मुळं भरावाखाली गाडली की झाड गुदमरून मरतं, कुऱ्हाड लावायचीही गरज पडत नाही. भराव टाकणाऱ्यांना हे नेमकं ठाऊक असतं, याचा मला संताप येतो.

फ्लेमिंगोंसाठी साधारण नोव्हेंबर ते मे हा काळ. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानचा खाडीचा भाग 2015 साली अभयारण्य झाला : 1,690 हेक्टर, त्यात 896 हेक्टर खारफुटी. 2022 मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला. लहान रोहित, म्हणजे फ्लेमिंगोची लहान जात, इथे सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, त्याचा गुलाबी रंग त्यातूनच येतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की थवे पसरून चरतात, आणि भरती चढू लागली की उरलेल्या पट्ट्यावर दाटीनं गोळा होतात. तीच वेळ गाठा. ऐरोलीतच वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीनं जाता येतं. फेऱ्या भरती-ओहोटीवर ठरतात, तेव्हा निघण्याआधी वेळ विचारून घ्या आणि दुर्बीण मुलीच्या हातात द्या.