इराच्या झोपेबद्दल, मनूला

मनू,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, आपल्यात बाळाला झोपवायची काही ठरलेली पद्धत असते का, की दमून पडेपर्यंत नुसतं हलवत राहायचं?" पडद्यावर तुझ्या पाठीमागे जेसन फ्रिजवर इराच्या झोपेचा तक्ता चिकटवत होता: साडेसहाला अंघोळ, मग तेल, सातला दूध, पुस्तक, दिवा बंद. मी हसलो, "लिहितो सवडीने" म्हणालो आणि विषय बदलला. पण मला ते जरा लागलं. अर्ध खरं होतं म्हणूनच बहुधा. पूर्ण खोटं असतं तर तिथल्या तिथे भांडलो असतो.

आपल्याकडे बाळाचा सगळा थाट सकाळचा. कुसुमआत्या बाळंतपणाला आमच्याकडे आली तेव्हा मी चौथीत होतो. म्हणजे बाळ कोण, तर आपला संजूदादा. आता त्याला टक्कल पडलंय, पण तेव्हा त्याच्या टाळूवर रोज वाटीभर तेल जिरायचं. बंब सकाळी एकदाच पेटायचा, सगळ्यांच्या अंघोळी त्यावरच, आणि संजूची पाळी शेवटी, घर जरा रिकामं झाल्यावर. न्हाऊ घालायला बाई यायची. ती पाटावर पाय लांब करून बसायची, संजूला पायांवर उपडं घ्यायची आणि कोमट तेलाने मानेपासून टाचेपर्यंत चोळायची. मग डाळीचं पीठ, मग ऊन ऊन पाणी. संजू असा किंचाळायचा की मी परसात पळून जायचो. अंग पुसलं की ओवा आणि बाळंतशोपांची धुरी, काजळ, तीट, हात आत घेऊन दुपट्यात घट्ट गुंडाळणं आणि आत्याच्या कुशीत दूध. त्यानंतर दुपार उलटेपर्यंत तो हलायचा नाही. तेवढ्यात माझी आई स्वयंपाक उरकायची आणि आत्या पाठ टेकायची.

म्हणजे जेसनच्या तक्त्यातलं पुस्तक सोडून सगळं आमच्याकडे होतं, जवळपास त्याच क्रमाने. फक्त दहा-बारा तास आधी. त्याने मला तो २००९ सालचा अभ्यास पाठवला होता, चारशेच्या वर आयांचा: रात्री अंघोळ, मालीश, मग शांत काहीतरी, रोज त्याच क्रमाने केलं की बाळं लवकर झोपतात आणि रात्री कमी उठतात. मी तो वाचला आणि मला न्हाऊ घालणारी बाई आठवली. तिला क्रम चुकवलेला अजिबात चालायचा नाही.

रात्रीचं मात्र तुझंच खरं. रात्री असं काही ठरलेलं नव्हतं.

दिवेलागणीला संजूची किरकिर सुरू व्हायची. पहिले काही आठवडे बाळं बहुधा संध्याकाळीच जास्त रडतात, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला ते सगळ्यात वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं, हे मला आता माहीत आहे. माईआजीच्या मते ती दृष्ट होती. कोणाची, तेही तिला माहीत असायचं, आणि समोरच्या वहिनींचं नाव बहुतेक रोज त्यात असायचं. मग ती मीठ-मोहरी मुठीत घेऊन संजूवरून उतरवायची, पुटपुटायची आणि शेगडीत टाकायची. मोहरी तडतडली की आम्ही सगळे शेगडीकडे बघत उभे. संजूसुद्धा. दिवसभर ज्या घरात कोणी कोणाचं ऐकत नसे, तिथे तेवढ्यापुरतं सगळे गप्प. दृष्टीवर माझा विश्वास तेव्हाही फारसा नव्हता आणि आता मुळीच नाही. पण तुझ्या तक्त्यात 'दिवे मंद, आवाज कमी' अशी ओळ आहे ना, आमच्या घरात आवाज कमी करायचा दुसरा कुठलाही उपाय कोणाला सापडला नव्हता.

त्यानंतर माझं काम. पाळणा माजघरात कडीला टांगलेला. त्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेली, आणि मी भिंतीला टेकून परवचा म्हणत बसलेला. तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. बापूकाका सुपारी कातरत ऐकायचे. चुकलो की अडकित्ता थांबायचा. अडकित्ता थांबला की मी थांबायचो, मी थांबलो की पाळणा थांबायचा, आणि पाळणा थांबला की संजू डोळे उघडायचा. पाऊणकी मला कधीच धड आली नाही, त्यामुळे तिथे हे रोज व्हायचं. मग माईआजी त्याला उचलायची, खांद्यावर टाकून ओटीपासून परसापर्यंत फेऱ्या मारायची, मग बसून मांडीवर थोपटत राहायची. त्याचा श्वास लांब झाला तरी लगेच ठेवायची नाही. आत्याने घाई केली की, "अगं, आत्ताशी वरवरची लागलीय," म्हणून तिला गप्प करायची.

जेसनला एवढं नक्की सांग, त्याला आवडेल, यात मिनिटं आहेत. जपानमधल्या राइकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली हेच मोजलं. रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटं चालायचं, झोपलं की लगेच खाली न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटं घेऊन बसायचं, मग ठेवायचं. लगेच ठेवलेली बरीच बाळं जागी व्हायची. अभ्यास छोटा होता, एकवीस बाळांचा. पण तो वाचून मी तुझ्या आईला हाक मारली आणि माईआजीच्या वतीने जरा छाती काढली.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तू म्हणशील बाबा गावाकडच्या गोष्टी सांगत बसले.

ही फेरी मारणारी, थोपटणारी, पाळण्याला धक्का देणारी माणसं घरात होती म्हणून ते चाललं. एक दमलं की दुसऱ्याने घ्यायचं. घड्याळ कोणी बघत नव्हतं कारण बघायची गरज नव्हती. आणि माणसं म्हणजे बायकाच. बापूकाकांनी संजूला कधी थोपटल्याचं मला आठवत नाही. माझ्या वाट्याला दोरी आली, ती मी लहान होतो म्हणून. मिसरूड फुटल्यावर ती कोणी माझ्या हातात दिली नसती. कुसुमआत्याला झोप किती मिळायची, हे त्या घरात कोणी विचारल्याचंही आठवत नाही.

आणि जिथे असे हात नव्हते, तिथलं काय? शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या कितीतरी बायका बाळाला अफूची गोळी चारून कामावर जायच्या. 'बाळागोळी' म्हणत तिला. दुसरा इलाज नव्हता त्यांच्यापुढे. पोटातली भूकही त्याने झोपायची. तेव्हा जुनं सगळं मायेचं होतं, असं मी म्हणणार नाही. आमच्याकडेही गुटीत जायफळाचा एखादा जास्तीचा वेढा रात्री उगाळला जायचाच. ते इराला नको. गुटी चाटवताना मध घालतात तेही वर्षाच्या आत नको, धुरी तर नकोच. हे तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तुझी आई आता गुटीची सहाण शोधते आहे.

झोळीचं विचारलं होतंस. मलाही ती आवडते, पण तिच्यात बाळ वाकडं होतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबू शकते. इथे अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बाळांना झोपवायच्या, १० अंशांहून जास्त उताराच्या गोष्टी विकायलाच बंदी केली, त्यामागे हीच भीती. रात्री इराला तिच्या सपाट, कडक गादीवरच ठेव.

तुझ्या वेळची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. तू १९९४ च्या हिवाळ्यात झालीस. त्याच वर्षी इथे 'बाळांना पाठीवर झोपवा' ही मोठी मोहीम सुरू झाली होती. डॉक्टरांनी आमच्या हातात पत्रक दिलं आणि फार नवीन काही सांगतोय अशा चेहऱ्याने समजावलं. तुझ्या आजोळची बेबीआजी सहा महिन्यांसाठी आली होती. मी तिला मराठीत सांगितलं, तर ती म्हणाली, "मग इतकी वर्षं हे लोक पालथं घालत होते की काय?" घालत होते खरंच. नंतरच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या इथे निम्म्याहून खाली आली. बेबीआजीचा त्या दिवशीचा विजयी चेहरा मी विसरणार नाही. पण त्याच पत्रकात उशी नको असंही लिहिलं होतं, आणि तिने तुझ्यासाठी डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवून आणली होती, आईच्या जुन्या पातळाची. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिने आपणच तोड काढली. दिवसा ती स्वतः शेजारी बसली असेल तेव्हाच उशी, रात्री उशी तिच्या ट्रंकेत. पत्रकाला तेही मान्य नव्हतं, पण घरात तोवर पुरेशी भांडणं झाली होती.

ती परत गेली आणि आम्ही दोघंच उरलो. तुझी आई रात्री तीनदा-चारदा उठायची, पहाटेची पाळी माझी. मला गाता येत नाही, अंगाई सुचायची नाही. एका पहाटे तुला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना तोंडातून आपोआप पाढे निघाले. बे एके बे पासून. तू ऐकत राहिलीस. पुढे बरेच महिने तेच चाललं, आणि पाऊणकीला मी अडलो तरी थांबवणारं कोणी नव्हतं, जे सुचेल ते ठोकून द्यायचो. लहानपणी तुला पाढे पटकन पाठ झाले म्हणून तुझ्या आजोळी सगळे कौतुक करायचे, तेव्हा मी काही बोललो नाही.

म्हणून तक्ता बघून मला वाईट वाटलं असं समजू नकोस. मला तो पटतो. अठ्ठावीस-एकोणतीस हजार लहान मुलांचा, सतरा देशांचा २०१० सालचा एक अभ्यास आहे. न्यूझीलंडची मुलं सरासरी साडेसातला झोपतात, हाँगकाँगची सव्वादहाला, आणि आपल्या बाजूच्या देशांतली मुलं एकूणच उशिरा झोपतात, कमीही झोपतात. आम्ही पोरं तर दहा-साडेदहापर्यंत मोठ्यांच्या गप्पांत लोळत असायचो. इराएवढ्या बाळाला दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोप हवी म्हणतात. तुम्ही दोघंच आहात, सकाळी कामावर जाता. दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर तिला देता येत नाही, मग क्रम आणि घड्याळ यांनाच ते काम करावं लागणार. एवढंच मला त्या दिवशी फोनवर म्हणायचं होतं आणि म्हणता आलं नाही.

एकच गोष्ट सांगू की नको असं चाललंय. त्या दिवशी मॉनिटरवर इरा रडत होती आणि जेसन घड्याळ बघत म्हणाला, "अजून दोन मिनिटं." जागी असतानाच खाली ठेवायचं, म्हणजे ती आपली आपण झोपायला शिकेल, हे मला कळतं. पुष्कळ डॉक्टर तेच सांगतात, आणि तो काही दुष्टपणा नव्हे. पण माझे पाय उठले होते. खुर्चीतून मी अर्धा उभा राहिलो होतो, फोनच्या या टोकाला. तुम्ही तुमचं ठरवा. मी काही म्हणत नाही, म्हणजे म्हणतोय, पण तुम्ही ऐकलंच पाहिजे असं नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही येतोय. दहा दिवस पहाटेची पाळी माझ्याकडे द्या. पाठीवर ठेवीन, उशी-पांघरूण काही नाही, खोलीत अंधार ठेवीन, पुस्तकही वाचून दाखवीन, पण पाऊणकी म्हणायला बंदी करू नका.

आणि हो, तुझ्या आईने मोहरी आणली आहे. विचारलं तर फोडणीला म्हणते. मी काल तिच्या शिवणाच्या डब्याजवळ बेबीआजीच्या पातळाचा तुकडा पाहिला. मी अडवलेलं नाही. उशी आली की घे, छान म्हण आणि कपाटात वरच्या फळीवर ठेव. ती रात्री पाळण्यात का दिसत नाही, हे तिला तू सांग. मी एकदा सांगितलंय एका सासूला, पुन्हा नाही सांगणार.

बाबा