सतरा मिनिटं पुढचं घड्याळ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अपहरणाच्या कादंबरीचं बाड पोचलं. दोनशे बारा पानं, दोन दुपारी आणि एका रात्रीत संपवली. रात्री वाचलेली पानं छान जमलीत हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बरंच खोडणार आहे. तुझे बाबा फोनवर म्हणाले, "फक्त पोलिसी चुका काढून द्या." एकतीस वर्षं खाकी घातलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे पोहायला उतरा पण केस भिजवू नका, असं झालं.

तुझा नायक पहिल्याच पानावर पावसात सिगारेट ओढत उभा आहे. बायको सोडून गेलेली, घरी व्हिस्की, भिंतीवर फोटो आणि त्यांना बांधलेले लाल दोरे. तालुक्याच्या गावी असा माणूस मला कधी भेटला नाही. भेटला असता तर लाल दोऱ्यांची बातमी मोलकरणीकडून संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत पोचली असती. आपल्याकडे तालुक्याला डिटेक्टिव्ह असतो, पण तो डीबीत बसतो. कागदावर गुन्हे प्रकटीकरण पथक, तोंडात डीबी. एखादा पीएसआय, तीन-चार अंमलदार, साधे कपडे. त्यातला पन्नाशीकडे आलेला हवालदार हा तुझा नायक कर. चोरीची मोटार कोणता भंगारवाला घेतो, कोणाचा जावई कर्जात बुडालाय, कोणत्या मळ्यातून नाका चुकवून हायवेला लागता येतं, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. त्याचा मुलगा बारावीला असेल. गणपतीत गुन्हा घडला तर अर्धं ठाणं बंदोबस्ताला गेलेलं असेल आणि तपासाला उरतील तो नि एक नवखी शिपाई. व्हिस्कीपेक्षा ही अडचण कामाची आहे.

आता नवव्या पानावर ये. ठाणे अंमलदार आईला म्हणतो, "चोवीस तास थांबा, येईल." हे वाक्य काढ. अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण धरून गुन्हा नोंदवायचा, असं सुप्रीम कोर्टाने मे 2013 मध्ये बजावलं आहे. शिवाय तुझी गोष्ट 2025 मध्ये घडते आणि तू जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं 363 आणि 364-अ घातलीस. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधं अपहरण 137(2), खंडणीसाठीचं 140(2), आणि त्याला फाशी किंवा जन्मठेप. जुना हवालदार बोलताना अजून "तीनशे त्रेसष्ट"च म्हणेल, ते राहू दे, गोड वाटतं. कागदावर मात्र 137 लिही.

उशीर दाखवायचाच असेल तर खरा दाखव. गुन्हा लगेच दाखल होतो, बिनतारीवर वर्णन जातं, सगळं नियमात. पण लिहून घेणाऱ्याच्या मनात असतं की पोरगं मामाकडे गेलं असणार. आमच्या रजिस्टरात अपहरण म्हणून नोंदलेली बहुतेक मुलं-मुली सोळा-सतरा वर्षांची, आपणहून घर सोडलेली असायची. आठवड्याला एखादी. त्या सवयीचा डोळा मग आठ वर्षांच्या मुलाकडेही तसाच बघतो. यात कोणी वाईट नसतं, म्हणून वाचकाला जास्त लागेल.

फोनचा प्रसंग पूर्ण बदल. "त्याला बोलतं ठेवा, लोकेशन मिळतंय" हे जुन्या सिनेमातलं झालं. चार सेकंदांचा कॉल असो की चार मिनिटांचा, सीडीआरमध्ये, म्हणजे कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींत, येतोच. फक्त तो हवालदाराच्या खिशात येत नाही. एसपी ऑफिसमार्फत कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे मागणी जाते, मग वाट बघायची. आणि हाती येतो तो नकाशावरचा सरकणारा ठिपका नव्हे. येतो टॉवर आणि त्याची दिशा. गावठाणात ठीक आहे, पण शिवारात त्या एका दिशेत दोन वाड्या, एक नाला, वीस विहिरी आणि पन्नास पोल्ट्री शेड बसतात. अपहरणकर्त्याने इंटरनेटवरून कॉल केला असेल तर साध्या सीडीआरमध्ये तेही नाही. तुझ्या पानांवर हवालदार धावतो फार. त्याला थांबायला लाव. हातात फोन, समोर मुलाची आई, आणि सांगायला काही नाही.

इथपर्यंतच्या दुरुस्त्या कोणीही सांगितल्या असत्या. मला जे सांगायचंय ते पुढे आहे.

चाळीस हजारांच्या गावात गुपित ठेवता येत नाही, आणि अपहरणाच्या तपासात गुपित ठेवावंच लागतं. तुझी कादंबरी या चिमटीत आहे, तू मात्र ती खलनायकाच्या मुखवट्यात शोधतेस. बघ ना, खंडणीचे दहा लाख बाप कुठून उभे करणार? पतसंस्थेत एफडी मोडायला गेला की काउंटरवरचा मुलगा विचारतो, "काय काका, प्लॉट घेताय?" सराफाकडे बायकोच्या पाटल्या ठेवल्या की गल्लीला कळतं. साध्या कपड्यातला हवालदार त्या घरी गेला, तर त्याची बुलेट दारात बघून शेजारी चहा घेऊन येतात. "पोलिसांना सांगितलंस तर बघ" असं म्हणणारा माणूसही याच गावचा असतो. बहुतेक वेळा घरातल्या पैशाची खबर असलेलाच असतो. कदाचित तोही चहा घेऊन आलेला असतो. तू त्याला एकशे नव्वदाव्या पानावर उघड करतेस. मी म्हणतो, साठाव्या पानावर वाचकाला सांगून टाक, हवालदाराला मात्र कळू देऊ नकोस. मग तो माणूस मुलाच्या आजीला "पाणी घ्या मावशी" म्हणेल तेव्हा बघ वाचकाची काय अवस्था होते.

गुपित फुटलं की काय होतं, ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. वर्ष आणि गाव सांगत नाही. शिकवणीहून मुलगा घरी आला नाही. आठ वर्षांचा. मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी. फोटो सगळीकडे पाठवा, असं मीच घाईत बोललो, आणि आमच्याच एकाने फोटोखाली आपल्या मनाने ओळ जोडली: "निळ्या व्हॅनमधून पळवल्याचा संशय." निळी व्हॅन कोणीतरी पाहिल्याचं कोणीतरी म्हणालं होतं, एवढाच तिला आधार. दोन तासांत आठवडी बाजारात चादरी विकायला आलेल्या एका माणसाची निळी व्हॅन लोकांनी घेरली. आम्ही पोचलो तेव्हा काचा फुटल्या होत्या आणि तो चादरींच्या गठ्ठ्यांमागे डोकं धरून बसला होता. त्याला जिवंत बाहेर काढून रुग्णालयात पोचवेपर्यंत अडीच तास गेले. त्या अडीच तासांत मुलाला कोणीही शोधत नव्हतं. माझ्याकडचे सगळे बाजारात होते.

पुढे 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते तुला ठाऊक असेल. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवा, रविवारचा बाजार, आणि भिक्षा मागत आलेले डवरी गोसावी समाजाचे पाच जण. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठेचून मारलं. मी ती बातमी उभ्यानेच वाचली. मला चादरीवाला आठवत होता.

म्हणून म्हणतो, तुझ्या हवालदारासमोर दोन घड्याळं ठेव. एक मुलाचं, एक गर्दीचं. फोटो फिरवला तर मूल कोणीतरी ओळखेल, आणि फिरवला तर कोणीतरी मरेलही. हा निर्णय त्याला रात्री नऊ वाजता, कोणाला न विचारता घ्यायला लाव. वरून एलसीबीचं, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेचं, पथक जिल्ह्याहून निघालेलं असू दे. ते आलं की केस त्यांची, आणि हुकली तर बदली याची.

घड्याळावरून आठवलं. त्याच प्रकरणातली गोष्ट. मोबाईल दुकानाच्या कॅमेऱ्यात मुलगा दिसला, कोणाचा तरी हात धरून. माणसाचं फक्त कोपरापर्यंत. वेळ 5:47. स्टँडवरून सुटणारी मुक्कामाची गाडी साडेपाचची, म्हणजे ती तर गेलेली. एसटी आम्ही यादीतून काढली आणि रिक्षावाल्यांच्या मागे लागलो. रात्री दहाला एक हवालदार दुकानात चार्जर मागायला गेला आणि सहज भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघितलं. मग स्वतःच्या मनगटाकडे. डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं. मुलगा साडेपाचला तिथून गेला होता, आणि गाडी त्या दिवशी चार मिनिटं उशिरा सुटली होती. मुक्कामाच्या गावी माणूस पाठवून कंडक्टरला झोपेतून उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "एक फुल, एक हाफ. पोराने खिडकी मागितली होती." तिकीट मशीनमध्ये वेळ होती, उतरण्याचा थांबाही.

डीव्हीआर जप्त करताना त्याची वेळ आणि खरी वेळ यातला फरक पंचनाम्यात लिहायचा असतो. हे प्रत्येक पोलिसाला माहीत असतं. आम्ही घाईत फुटेज मोबाईलवर शूट करून घेतलं होतं, पंचनामा सकाळी करू म्हणून. तुझ्या हवालदाराकडून अशी एखादी चूक होऊ दे. बुद्धीची नको, घाईची. आणि ती त्याची त्यालाच सापडू दे, चार्जर मागताना.

मुलाच्या नजरेतली तिरक्या अक्षरातली प्रकरणं कमी कर. सात आहेत, दोन ठेव. आठ वर्षांचं मूल सलग बारा तास भेदरून राहत नाही. त्याला भूक लागते, शू लागते, कंटाळा येतो, उद्या गृहपाठ दाखवायचाय याची काळजी वाटते. पकडणाऱ्याला तो "काका"च म्हणतो. तेवढं लिही.

शेवटाचं. तुझ्याकडे मूल सापडल्यावर फटाके वाजतात आणि पुढच्या पानावर पेपरात फोटो येतो. तो फोटो येणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख छापता येत नाही. सकाळी जो फोटो हजार मोबाईलवर जावा म्हणून हवालदाराने जिवाचं रान केलं, तोच संध्याकाळी ग्रुपाग्रुपांत हात जोडून काढायला लावायचा. निघत नाही तो. तुझ्या शेवटच्या प्रकरणात मला हवालदार हे करताना दिसतो. चहाच्या टपरीवर एकेकाला म्हणतोय, "दाखव मोबाईल. डिलीट कर. माझ्यासमोर."

आमचा मुलगा सापडला का, हे तू विचारणारच. सापडला. कुठे, कसा आणि कोणाकडे, ते सांगणार नाही. तो आता मोठा झालाय, त्याच गावात राहतो, आणि त्याला बघून कोणाला ती रात्र आठवत असेल तर ते मला वाढवायचं नाही. परवा एका लग्नात पंगतीत वाढत होता. मला ओळखलं नाही त्याने. जिलबी मात्र दोनदा वाढली.

नव्या मसुद्याची पहिली साठ पानं दिवाळीआधी पाठव. कागदावर पाठव, मोबाईलवर मला दिसत नाही. आणि डाव्या बाजूला समास जास्त सोड, मागच्या वेळी लिहायला जागा पुरली नाही.

तुझा,
काका