इंग्लिशमधला जुना ‘दाऊ’ : तू की आपण?

प्रश्न असा आलाय की एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या सत्काराला इंग्लिशमधून मानपत्र लिहायचंय आणि कुणीतरी सुचवलंय की ‘यू’च्या जागी सगळीकडे जुना ‘दाऊ’ (thou) घाला, तो आदरार्थी आहे, बायबलमध्ये देवालाही तसंच म्हणतात. कृपया घालू नका. दाऊ म्हणजे चक्क ‘तू’. आदराचा शब्द होता तो ‘यू’च.

अगदी जुन्या इंग्लिशमध्ये, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, यात मानापमानाचा संबंधच नव्हता. एकाशी बोलताना दाऊ (कर्म असेल तर त्याचंच रूप ‘दी’, thee), अनेकांशी बोलताना यी (ye), बस. दोघांसाठी वेगळं द्विवचनसुद्धा होतं, आपल्या संस्कृतसारखं, पण ते तेराव्या शतकाच्या आसपास संपलं. मग 1066 ला फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच बसली, आणि फ्रेंचमध्ये मोठा माणूस एकटा असला तरी त्याला अनेकवचन लावायची पद्धत होती, आपण तुम्ही म्हणतो ना तशीच, ती हळूहळू इंग्लिशमध्येही उतरली. यी कर्त्याला आणि यू कर्माला असा फरक होता तोही पुढे पुसला गेला आणि यू एकटाच उरला. वरच्याला यू, आणि दाऊ उरला पोरांना, नोकरांना, जिवलगांना आणि ज्याचा अपमान करायचाय त्याला.

हा अपमान किती झोंबायचा ते बघायचं तर 1603 मधला सर वॉल्टर रॅले या दरबारी दर्यावर्द्यावरचा राजद्रोहाचा खटला बघा. सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याच्यावर ओरडला, ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!’ इथे पहिला दाऊ हे क्रियापद आहे. मराठीत याला इतका नेमका शब्द आहे की मला दरवेळी आनंद होतो : अरे-तुरे करणे. मी तुला अरे-तुरेच करणार, द्रोह्या! ज्या भाषेत तू-तुम्ही नाही त्या माणसाला हे टीप देऊन समजवावं लागतं, आपल्याला एका फटक्यात कळतं.

त्याच शतकात पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने उलटं केलं, देवापुढे सगळे सारखे म्हणून न्यायाधीश असो की जमीनदार, सगळ्यांना दाऊ. लोक भयंकर चिडायचे, या एका शब्दापायी क्वेकरांनी मारही खाल्लाय.

आता बायबलचं. 1611 च्या किंग जेम्स बायबलात दाऊ आहे तो मूळ हिब्रू आणि ग्रीकमधलं एकवचन दाखवायला, कारण त्या भाषांत तेव्हा फरक मानाचा नव्हता, वचनाचा होता. म्हणून तिथे देवही दाऊ, भिकारीही दाऊ आणि सैतानसुद्धा दाऊच. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात एकवचन-अनेकवचनाच्या या फरकाचा सुंदर नमुना आहे. येशू आपल्या पेत्र नावाच्या शिष्याला सांगतो की सैतानाने ‘यू’ला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण मी ‘दी’साठी प्रार्थना केलीय. म्हणजे चाळणार तुम्हा सगळ्या शिष्यांना, आणि प्रार्थना केली ती तुझ्या एकट्यासाठी. आजच्या इंग्लिशमध्ये दोन्हीकडे यू आला की हे सगळं गुडूप होतं, मराठीत मात्र सहज येतं.

मग आदराचा समज आला कुठून? सतराव्या शतकानंतर रोजच्या बोलण्यातून दाऊ जवळपास गेला, यॉर्कशायरसारख्या काही भागांतल्या बोलीत राहिला तेवढाच, बाकी उरला तो प्रार्थनेत आणि कवितेत. जो शब्द फक्त देवळात ऐकू येतो तो पवित्र वाटणारच. त्यात 1952 मध्ये पूर्ण झालेल्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड बायबलात दाऊ इतर सगळ्यांचा काढून फक्त देवापुरता ठेवला, मग तर समज पक्काच झाला. पण आपणही विठ्ठलाला तूच म्हणतो, ते काय आदर कमी म्हणून? जवळीक आहे म्हणून.

तर मानपत्रात यूच ठेवा. शेवटी एखादं जुन्या थाटाचं कडवं घालायची फारच हौस असेल तर निदान क्रियापद जुळवा : दाऊ आर्ट, दाऊ हॅस्ट, दाऊ डस्ट. ‘दाऊ हॅथ’ चुकूनही नको, हॅथ हे ही आणि शीचं रूप आहे, ते म्हणजे ‘तू आहे’ लिहिल्यासारखं होईल, आणि तेही मुख्याध्यापकांना.